पेरूच्या किनाऱ्यावरचा पाऊस

मी आयुष्यात रत्नागिरीच्या पलीकडे फारशी गेले नाही, पण पेरू देश मला तोंडपाठ होता. वर्गाकडे तोंड करून, हात मागे नेऊन मी फळ्यावर त्याचा नकाशा काढत असे. मुलं टाळ्या वाजवायची. बाकीचे शिक्षक म्हणायचे, ही बाई शिकवते कमी आणि जादूचे प्रयोग जास्त करते. मी मनावर घेत नसे, कारण ते जळतात अशी माझी पक्की समजूत होती. गिरणीत तीन पाळ्यांत राबलेल्या माणसाची मुलगी बी.एड. होते, अंधेरीच्या शाळेत भूगोल शिकवते, याचा मला भारी तोरा होता. रागही नाकाच्या शेंड्यावर असायचा. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल.

आमची शाळा अंधेरीहून वेसाव्याला जाणाऱ्या रस्त्यावर होती. पोरं निम्मी चाळींतली आणि निम्मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. कोळ्यांची मुलं होळीला आणि नारळी पौर्णिमेला आठ-आठ दिवस गायब व्हायची आणि परत आली की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाकावर बसायची. आठवीच्या भूगोलात तेव्हा दक्षिण अमेरिका होती. 'पेरू' म्हटलं की वर्ग हसायचा, मागून कोणीतरी "बाई, मीठ लावून!" म्हणायचं. तेवढं हसू मी दर वर्षी धरूनच चालत असे.

एकदा हसून झालं की मात्र मी त्यांना सोडत नसे. त्या देशाचे तीन उभे पट्टे मी रंगीत खडूंनी काढायचे. समुद्राकाठी वाळवंट, मध्ये अँडीज पर्वत, पलीकडे जंगल. इंका लोकांनी डोंगर कापून केलेली शेतं, दगडी रस्ते. मग गलबतांतून स्पॅनिश आले. त्यांनी राजाला धरलं, त्याच्या सुटकेसाठी खोलीभर सोनं घेतलं आणि तरी त्याला मारलं. पुढे डोंगरातली चांदी काढायला तिथल्याच माणसांना खाणीत घातलं. किनाऱ्याजवळच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर होते. पाऊस नाही म्हणून ते वाहून जात नसत. ते खत म्हणून जहाजं भरभरून युरोपात गेलं आणि ते खणायला चीनमधून मजूर आणले. विष्ठेवर एक देश श्रीमंत झाला म्हटल्यावर चाळीतली पोरं नाक दाबायची आणि कोळ्यांची पोरं कान टवकारायची.

एकोणीसशे ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या वर्गात अशीच कान टवकारणारी एक मुलगी होती. कोळीवाड्यातली, काळीसावळी, केसांना तेल चोपडलेली, तिसऱ्या बाकावर बसणारी. गणितात आणि इंग्रजीत ती रडतखडत चालायची, पण भूगोलाच्या तासाला तिचा चेहरा उजळायचा. इंका लोकांना लिपी नव्हती, ते दोऱ्यांना गाठी मारून हिशेब आणि निरोप ठेवत, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा घेऊन आली. त्याला सात-आठ प्रकारच्या गाठी मारलेल्या होत्या. प्रत्येक गाठ कुठल्या जाळ्याची आणि कुठल्या मासळीसाठी, ते तिनं मला सांगितलं. मी तो दोरा वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. ती मला आवडायची, हेही इथं लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते नावडतीच्या बाबतीत झालं नाही.

जानेवारीत तिची आई शाळेत आली होती. बाजारातून थेट आलेली, मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून. म्हणाली, "बाई, माजी पोर कशी हाय ता तुमाला ठावं. पन यंदा नापास झाली तं तिचा बापूस तिला शालेन धाडनार नाय. बाजारान बसवील."

मी म्हटलं, "नापास कशी होईल? मी आहे ना."

हे वाक्य मी बोलले होते, त्यात काही शंका नाही. ती बाई एवढी मान हलवत गेली की पाटी न्यायला विसरली आणि परत आली.

फेब्रुवारीत शाळेची वार्षिक तपासणी होती. तपासणी म्हणजे काय ते ज्यांनी शाळेत नोकरी केली त्यांना सांगायला नको. पंधरा दिवस आधीपासून भिंती पुसायच्या, तक्ते लावायचे आणि एक पाठ निवडून वर्गाकडून घोटून घ्यायचा. कुठल्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा हेसुद्धा ठरलेलं. माझा पाठ अर्थातच पेरू. तपासणीचे साहेब मागच्या बाकावर वही घेऊन बसले, शेजारी आमचे मुख्याध्यापक. मी हात मागे नेऊन नकाशा काढला. साहेबांच्या भुवया वर गेल्या, मला बरं वाटलं. मग मी विचारलं, "पेरूच्या किनाऱ्यावर पाऊस का पडत नाही?" ठरलेल्या मुलीने ठरलेलं उत्तर दिलं. किनाऱ्याजवळून थंड प्रवाह वाहतो, हवा थंड राहते, पावसाचे ढग बनत नाहीत. "आणि या थंड पाण्याचा फायदा काय?" ठरलेल्या मुलाने सांगितलं, थंड पाण्यात मासळी विपुल, म्हणून पेरूचा मासेमारीत वरचा क्रमांक.

तिसऱ्या बाकावरचा हात वर होता. तो ठरलेला नव्हता. मी तिकडे बघितलं नाही. पण साहेबांनी बघितलं. म्हणाले, "हं, बोल बाळ."

ती उभी राहिली. "बाई, आता तिथं पाऊस पडतोय. माझा मामा बोटीवर आहे, त्यानं बघितला. रस्ते वाहून गेले. पाणी गरम झालं नि मासळी गेली. तिथले कोळी बसून आहेत."

साहेब हसले. "मग काय, भूगोल मामाच शिकवतो वाटतं? बाईंचं काम हलकं झालं."

वर्ग हसला. मुख्याध्यापकही हसले. आणि माझे कान असे तापले की फळ्यावर पुढचा शब्द लिहिताना खडू मोडला. मी म्हटलं, "खाली बस. पुस्तकात काय लिहिलंय?" ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली. "मोठ्याने सांग, पुस्तकात काय लिहिलंय?" तिने पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं आणि ती बसली. साहेबांच्या शेऱ्यात पुढे आलं की पाठाची तयारी चांगली, मात्र वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे. मुख्याध्यापकांनी मला बोलावून तो दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दारात आली. हातात परदेशी तिकिटाचं पाकीट. "बाई, मामाचं पत्र. तुम्ही वाचा ना. मी खोटं नाही बोलले."

"ठेव तिथं. नंतर बघते."

ते मी टेबलाच्या खणात टाकलं. तिने चार-पाच वेळा विचारलं, "बाई, वाचलं?" मी म्हणायचे, वेळ कुठाय गं. मग तिने विचारणं सोडलं. तिचा हातही तासाला वर येईनासा झाला. मला ते कळत होतं आणि, आता लपवून काय करू, बरंही वाटत होतं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका मीच काढलेली. भौगोलिक कारणे द्या, यात चार गुणांना एक विधान होतं : पेरूच्या किनाऱ्यावर मासेमारीचा व्यवसाय भरभराटीला आला आहे. उत्तर ठरलेलं. थंड प्रवाह, सूक्ष्म वनस्पती, विपुल मासे. तीन मुद्दे लिहिले की चार गुण हातात, मुलं झोपेतसुद्धा लिहितील. तिने पहिल्या दोन ओळींत तेच लिहिलं होतं. आणि पुढे लिहिलं होतं : 'पण सध्या तो भरभराटीला आलेला नाही. पाणी गरम झाले की मासळी खोल जाते किंवा दुसरीकडे जाते. मग पक्षी मरतात. जिथे पाऊस पडत नाही तिथे पाऊस पडतो. असे काही वर्षांनी होते. तेव्हा कारण द्यायचे असेल तर दोन्हीचे दिले पाहिजे.'

तेव्हा कारण द्यायचे असेल तर. कोण मला सांगतंय, असं झालं. तपासणीच्या दिवशीचं ते सगळं हसू परत कानात आलं. मी लाल पेनने पूर्ण उत्तरावर, पहिल्या दोन बरोबर ओळींसकट, तिरकी रेघ ओढली. समासात लिहिलं, 'विचारले तेवढेच लिहावे.' आणि शून्य. बेरीज केली तेव्हा ती भूगोलात तीन गुणांनी नापास होती.

दोन पेपर आणखी तपासले असतील, लाल पेनची कांडी संपली. दुसरी काढायला खण उघडला, तर ते पाकीट वर आलं. शिक्षकखोलीत कोणी नव्हतं, बाहेर शिपाई घागरी विसळत होता. मी पत्र काढलं.

मामा चौथी शिकलेला असावा. अक्षर मोठं, ओळी उतरत्या. त्याने लिहिलं होतं की बोट मासळीची पूड भरायला आली ती बारा दिवस रिकामी उभी आहे. मासळीच नाही तर पूड कुठली? 'इथले कोळी आपल्यासारखेच. त्यांचा पण देव आहे, त्याला होडीत घालून दर्यात नेतात, आपण नारळ नेतो तसे. बायका टोपल्या घेऊन धक्क्यावर बसतात. आता टोपल्या पालथ्या आहेत. एका होडीचा म्हातारा तांडेल मला खुणा करून सांगत होता की दर्यात हात घाल. मी हात घातला. पाणी ऊन. तो म्हणतो नाताळच्या सुमाराला पाणी असे ऊन होते, पण थोडे. यंदा फार झाले. त्याला ते लोक बाळदेवाचे नाव देतात. त्याच्या आज्याला पण ठाऊक होते. पाऊस तर असा की मातीची घरे विरघळली, कारण त्यांना पाऊस ठाऊकच नाही, छपरे तशी बांधतच नाहीत. तू भूगोल शिकतेस म्हणून हे लिहिले. तुझ्या बाईंना सांग.'

मी वाचत होते आणि हातात नवी कांडी घातलेलं लाल पेन होतं. पेपर तपासताना हाताला एक सवय लागते. डोळा बरोबर मुद्द्यावरून गेला की हात आपोआप खूण करतो. पत्र खाली ठेवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'पाणी ऊन' या शब्दांशी बरोबरची लाल खूण आहे. पुढे पावसाशी एक. घरं विरघळली, छपरं तशी बांधतच नाहीत, तिथं तिसरी. मामाला मी पैकीच्या पैकी देऊन बसले होते, आणि भाचीचा पेपर शून्य घेऊन शेजारी पडला होता.

तो पेपर सुधारायला काय लागत होतं? शून्य खोडायचं, नवे गुण लिहायचे, शेजारी सही करायची आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. त्यांनी विचारलं असतं, का बदलले? मला सांगावं लागलं असतं की पुस्तक मागे पडलंय, मी चुकले आणि त्या दिवशी वर्गात पोरगी खरं बोलत होती. ज्यांनी तो शेरा मला दोनदा वाचून दाखवला त्यांच्यासमोर. मी पेपर गठ्ठ्यात घातला. उद्या बघू म्हटलं.

उद्या, परवा करत निकालाच्या बैठकीचा दिवस आला. सगळे शिक्षक लांब टेबलाभोवती बसायचे, काठावरच्या मुलांची नावं वाचली जायची आणि ज्याचा विषय त्याने बोलायचं. तिला गणितात वाढीव गुण देऊन झाले होते, ती मुभा एकाच विषयाला. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, ही तुमची. भूगोलात तीनच कमी आहेत. पेपर परत बघायचा का?"

त्यांनी स्वतः दार उघडून दिलं होतं. शेरा कधीच विसरले होते ते. तो फक्त मी लक्षात ठेवला होता.

मी म्हटलं, "नको, सर. पाया कच्चा आहे. एक वर्ष बसू दे."

पुढचं नाव वाचलं गेलं. एक वर्ष बसू दे असं मी म्हणाले खरं, पण तिला ते वर्ष मिळणार नव्हतं हे त्या टेबलावर फक्त मला ठाऊक होतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिसऱ्या बाकावर दुसरी मुलगी होती. गाठींचा दोरा सुट्टीतल्या रंगकामात कोणीतरी काढून टाकला होता. मी शिपायाला विचारलं, तो म्हणाला, "कुठला दोरा?"

चार वर्षं गेली. नवीन पुस्तकं येणार म्हणून सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात बोरिवलीच्या एका शाळेत आमचा प्रशिक्षण वर्ग भरला. पंखा बंद, सगळे वहीने वारा घेत बसलेले. शिकवायला आलेले प्राध्यापक फळ्यावर प्रशांत महासागर काढून सांगू लागले की काही वर्षांनी पेरूजवळचं पाणी तापतं, त्याला एल निनो म्हणतात, त्र्याऐंशीत ते फार मोठं झालं, तिथला मासेमारीचा धंदा बसला आणि वाळवंटात पूर आले. याचा आपल्या पावसाशीही संबंध असावा, असं शास्त्रज्ञ आता म्हणतात. मग सहज म्हणाले, "गंमत म्हणजे हे नाव शास्त्रज्ञांनी दिलेलं नाही. तिथल्या कोळ्यांनी दिलं. बाळ येशूचं नाव. कोळ्यांना हे आधीपासून माहीत होतं."

माझ्या शेजारची बाई ते वहीत उतरवून घेत होती. मला लिहायची गरज नव्हती. माझ्याकडे ते चार वर्षं खणात पडून होतं, उतरत्या ओळींत.

त्या रविवारी मी पत्र पर्समध्ये घालून वेसाव्याला गेले. मनाशी सगळं घोकलं होतं. काय झालं ते सांगायचं, माफी मागायची, पत्र परत द्यायचं. बाहेरून परीक्षेला बसता येईल का याचीही चौकशी करून ठेवली होती. बांबूंवर बोंबील वाळत होते, त्यांच्यामधून वाट काढत बाजारात शिरले. ती मला दिसायच्या आधी मी तिला दिसले.

"बाई!"

अंगावर कोळी पद्धतीचं लुगडं, गळ्यात मंगळसूत्र. अठरा वर्षांची असेल. समोर पाटीत पापलेटं. शेजारणीला म्हणाली, "माज्या भूगोलाच्या बाई." तेही कौतुकाने. मला बसायला तिने पाट पुढे केला, हात धुऊन पदराला पुसले. आई बरी आहे, बापूस गेल्या साली वारला, नवऱ्याची होडी आहे, एवढं तिनं सांगितलं. मग ती माझ्याकडे बघत राहिली, काय हवंय विचारावं की नको अशी.

मी म्हटलं, "तुझं ते पेरूचं उत्तर. आठवीतलं. ते बरोबर होतं गं."

ती हसली. "मना तवाच म्हाईत होता, बाई."

बाजारात एवढा गलका होता, तरी मला ते वाक्य नीट ऐकू आलं. मग तिने पापलेट उलटं करून ठेवत, अगदी साधेपणाने विचारलं, "तुमाला कवा कलला?"

आता सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच तर आले होते. पर्स मांडीवर होती, पत्र पर्समध्ये होतं.

"हल्लीच," मी म्हटलं. "प्रशिक्षणाला सांगितलं."

"बरा झाला," ती म्हणाली. आणि पापलेटांवर पाणी शिंपडत, "बाई, तो मामाचा कागद तुमच्याकडं ऱ्हायला. मामा आता नाय. बोटीवरच वारला, त्याचे हातचा दुसरा काय नाय आमचे घरान. आयस लय आठवण काढते. शोधून बघशाल?"

पत्र दिलं असतं तर तिने ते तिथंच उघडलं असतं. लाल खुणा तिला लगेच ओळखू आल्या असत्या. माझ्या हाताच्या खुणा ती वर्षभर वहीत बघत होती. आणि मग मला कधी कळलं, हे तिने परत विचारलं नसतं, तिला दिसलंच असतं.

"शोधते," मी म्हटलं. "सापडलं तर आणून देते."

तिने माझ्या पिशवीत दोन पापलेटं घातली. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "अवो बाई, घ्या. तुमी मना पेरू शिकवला."

मी ती घेतली. घरी आणली, साफ केली, रवा लावून तळली आणि सगळ्यांनी खाल्ली. बाहेरून परीक्षेला बसायचा विषय मी काढलाच नाही. त्यानंतर मासळी मी अंधेरी स्टेशनजवळच्या बाजारातून आणू लागले, वेसाव्याच्या बसमध्ये पुन्हा कधी बसले नाही. पत्र माझ्या कपाटात आहे. मामाची निळी शाई फिकट झाली आहे, काही ओळी आता लागत नाहीत. लाल खुणा मात्र आहेत तशा आहेत.